वर्गात व्हिडिओ दाखवताना पडद्यावर फक्त व्हिडिओच दिसावा, यासाठी काय काय करता येईल?

फळा_आणि_पडदा

बऱ्याच शाळांत आता स्मार्ट टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर आहे. कुठे लोकवर्गणीतून आला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिला. आता अडचण आहे ती पडद्यावर व्हिडिओसोबत येणाऱ्या बाकीच्या पसाऱ्याची. चार मिनिटांची फीत दाखवायला यूट्यूब उघडावे, तर उजवीकडे क्रिकेटची, गाण्यांची आणि भलतीच चित्रे. मुलांचे डोळे आधी तिकडे जातात आणि धड्यावर परत यायला वेळ लागतो. यात मुलांचा दोष नाही. ती रचना लक्ष ओढण्यासाठीच केलेली असते.

लक्ष नेमके कुठे उडते हे आधी वेगळे करून पाहू, म्हणजे उपाय सापडतात. एक, व्हिडिओ शोधत असताना. दोन, सुरुवातीच्या आणि मधल्या जाहिरातीत. तीन, आपण मध्येच थांबवतो तेव्हा. चार, शेवटच्या काही सेकंदांत, जेव्हा पडद्यावर चौकटी उगवतात आणि पाठोपाठ पुढचा व्हिडिओ सुरू होतो. पाच, आपल्याच लॅपटॉपवर किंवा फोनवर येणारे निरोप.

काहीही नवीन न बसवता एवढे तरी आजच करता येते:

लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की विंडोज की आणि पी एकदम दाबा आणि ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ निवडा. आता पडदा म्हणजे वेगळा मॉनिटर झाला. शोधाशोध तुमच्या लॅपटॉपवर होईल, पडद्यावर नुसती मोकळी पार्श्वभूमी दिसेल. व्हिडिओ तयार झाला की ती खिडकी पडद्यावर सरकवायची आणि एफ दाबून पूर्ण पडदा करायचा. शिवाय ‘एक्स्टेंड’मध्ये विंडोजच्या सूचना मुख्य स्क्रीनवर, म्हणजे लॅपटॉपवरच येतात.

वर्ग सुरू होण्याआधी व्हिडिओ एकदा चालू करा, जाहिरात संपू द्या, हव्या त्या सेकंदाला आणून थांबवा. टॅब बंद करू नका. आठ मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ निवडला तर मधली जाहिरात सहसा लागत नाही. २०२० पासून मधल्या जाहिरातींसाठी आठ मिनिटे ही किमान लांबी आहे.

प्लेअरवरचा ऑटोप्लेचा खटका बंद करा. आणि शेवटपर्यंत कधीच चालवू नका. व्हिडिओ करणाऱ्याने टाकलेल्या शेवटच्या चौकटी ५ ते २० सेकंदांच्या असतात, म्हणून अखेरची २० सेकंदे आपल्यासाठी नाहीतच असे धरायचे. हात के या कळीवर ठेवा, तिथे व्हिडिओ थांबतो आणि पुन्हा चालूही होतो. जे आणि एल दहा सेकंद मागे-पुढे नेतात. माउस हलवायचा नाही, नाहीतर खालची पट्टी वर येते.

तुम्ही सगळे काय करता ते सविस्तर लिहा. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठीचे उपाय तर नक्कीच हवे आहेत.

सह्यकडा

चांगला धागा. ‘एक्स्टेंड’ची सूचना सगळ्यात मोलाची.

माझी पसंती गुगल स्लाइड्सना. इन्सर्ट मेनूतून व्हिडिओ घ्यायचा, दुवा चिकटवायचा. मग त्या चौकटीवर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट ऑप्शन्स’ उघडा. ‘व्हिडिओ प्लेबॅक’खाली कुठून सुरू आणि कुठे बंद हे मिनिट-सेकंदांत भरता येते, आवाजही बंद करता येतो. एकाच व्हिडिओचे तीन तुकडे दाखवायचे असतील तर तीन स्लाइड करा, प्रत्येकीवर तोच व्हिडिओ पण वेळा वेगळ्या, आणि मध्ये प्रश्नाची कोरी स्लाइड. प्रश्न मोठ्या अक्षरात. या पद्धतीत बाजूची चित्रे, टिप्पण्या, शॉर्ट्स काही दिसत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या मालकाने दुसरीकडे जोडायची परवानगी बंद ठेवली आहे तो व्हिडिओ स्लाइडमध्ये चालत नाही, ‘यूट्यूबवर पाहा’ एवढेच येते. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक स्लाइड प्रत्यक्ष चालवून पाहा, नुसती पाहून पुढे जाऊ नका. आणि जाहिरात इथे येणारच नाही असे गृहीत धरू नका.

स्लाइड शो चालू असताना बी दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा बी दाबले की परत येतो. पॉवरपॉइंटमध्येही हेच. बोलायचे असेल तेव्हा पडदा काळा. उजळ पडद्यासमोर उभे राहून बोलणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

आनंदी_पाटी

बी कळीसाठी +१. प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘ब्लँक’ किंवा ‘एव्ही म्यूट’ असते, तेही हेच काम करते. लॅपटॉपपासून लांब उभे असाल तर ते सोयीचे.

वडाची_सावली

आमच्यासारख्या दोन शिक्षकी शाळांत लॅपटॉप नसतो. ४३ इंची टीव्ही, शिक्षकाचा फोन आणि फोनचेच नेट. अशा ठिकाणी काय करावे? सी-टाइप केबलने फोन टीव्हीला जोडता येतो असे सांगतात, पण काही फोनवर चित्र येते आणि काहींवर येतच नाही.

तंत्रस्नेही_मास्तर

ताई, फोनच्या तोंडाचा आकार सी-टाइप असला म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतेच असे नाही. त्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लागतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत नुसते यूएसबी २.० असते, त्यात चार्जिंग आणि फाइली एवढेच. अशा फोनला कितीही महागडा एचडीएमआय अडॅप्टर लावा, टीव्ही ‘नो सिग्नल’च म्हणणार. म्हणून अडॅप्टर घेण्याआधी फोनच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ लिहिले आहे का ते बघा, किंवा दुकानात स्वतःच्याच फोनवर लावून बघा.

बिनतारी जोडणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. स्क्रीन मिररिंग म्हणजे तुमच्या फोनवर जे दिसते ते सगळे टीव्हीवर: गॅलरी, येणारा कॉल, गटावरचा निरोप, सगळे. यूट्यूबमधली कास्टची खूण दाबली तर टीव्ही स्वतःच तो व्हिडिओ नेटवरून घेतो, फोन नुसता रिमोट होतो. त्यामुळे फोनवरचे निरोप टीव्हीवर दिसत नाहीत, पण जाहिरात आणि पुढचा व्हिडिओ मात्र येतो. शिवाय कास्टला फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात. तोच फोन हॉटस्पॉट देत असेल तर कधी टीव्ही सापडतो, कधी नाही. दुसरा फोन हॉटस्पॉटला ठेवला तर हा त्रास कमी होतो.

मिररिंगशिवाय पर्यायच नसेल तर फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, पण नुसते लावून भागत नाही. त्यात आवाज बंद होतो, वरची पट्टी दिसत राहू शकते. आतल्या सेटिंगमध्ये सूचना दिसूच नयेत असा पर्याय असतो, तो निवडा. ‘रिपीट कॉलर्स’ची सवलतही काढा. नाहीतर तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो आणि तो कॉल पार होतो.

पण खरे सांगू, तुमच्या परिस्थितीत सर्वात निर्धोक उपाय पेनड्राइव्ह. नेट नको, जाहिरात नको, फोन नको. त्याबद्दल खाली वेगळे लिहितो.

तंत्रस्नेही_मास्तर

पेनड्राइव्हवरून टीव्हीवर व्हिडिओ चालवताना अडते ते बहुधा पुढच्या चार-पाच गोष्टींत.

फाइलचा प्रकार. एमपी४, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, हे जवळपास प्रत्येक टीव्हीवर चालते. विकिमीडिया कॉमन्सवरचे व्हिडिओ बहुधा वेबएम असतात, ते बऱ्याच टीव्हींना कळत नाहीत. चित्र आहे पण आवाज नाही, असे झाले तर आवाजाचा प्रकार वेगळा आहे असे समजा. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ‘फास्ट ७२०पी३०’ हा तयार साचा निवडा आणि फाइल रूपांतरित करा. वर्गातल्या टीव्हीला ७२०पी पुरते.

पेनड्राइव्हचा फॉरमॅट. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी घेत नाही. आपल्या फिती छोट्या असतात, तेव्हा फॅट३२च ठेवा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस काही टीव्ही ओळखत नाहीत.

नावे. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ०१, ०२, ०३ असे आकडे इंग्रजीत (01, 02, 03) टाका आणि नावही रोमन लिपीत ठेवा. काही टीव्हींच्या यादीत देवनागरी नावांचे चौकोन होतात आणि कोणती फाइल कोणती ते कळत नाही.

उपशीर्षके. वेगळ्या फाइलमधले मराठी उपशीर्षक टीव्हीवर तसेच चौकोनी येण्याचा धोका असतो. हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’ विभागात ‘बर्न इन’ला टिचकी दिली की अक्षरे चित्रातच उमटतात, मग टीव्हीचा फाँट कसाही असो.

आणि पेनड्राइव्हवर फक्त त्या तासाच्या फाइली ठेवा. घरच्या लग्नाचे फोटो त्यात असले तर टीव्ही त्यांची लहान चित्रे यादीत दाखवतो आणि वर्ग तिथेच रमतो.

रानवारा

वाचनखूण साठवली.

कलम_बावन्न

मास्तर, पेनड्राइव्हवर आणायचा व्हिडिओ कुठून आणायचा हेही स्पष्ट लिहायला हवे. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः डाउनलोडची सोय दिलेली नसेल तर व्हिडिओ उतरवता येत नाही. प्रीमियमचे डाउनलोड अ‍ॅपच्या आतच राहते, पेनड्राइव्हवर जात नाही.

वर्गात दाखवणे ही वेगळी गोष्ट. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(जे) मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवायला मुभा आहे. अट एवढीच की प्रेक्षक म्हणजे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक. म्हणजे वर्गात दाखवायला हरकत नाही, तोच व्हिडिओ गावाच्या जत्रेत दाखवला तर तो या मुभेत बसत नाही. आणि कायद्याची मुभा असली तरी संकेतस्थळाशी केलेला करार आपोआप बाजूला होत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून उतरवायला मुक्त असलेलेच स्रोत धरावेत. दीक्षा अ‍ॅपमध्ये पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की थेट त्या पाठाचे साहित्य येते. बरेचसे अ‍ॅपमध्येच उतरवून नेट नसताना चालवता येते आणि जाहिरात नसते. त्यातले काही घटक यूट्यूबचेच असतात, ते उतरत नाहीत. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, संगणकाच्या तासाला उपयोगी. नासाचे बहुतेक व्हिडिओ कॉपीराइटमुक्त असतात आणि त्यांच्या साइंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओच्या पानावर एमपी४ थेट उतरवायला मिळते. यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ निवडले तर वापराला मोकळे व्हिडिओ वेगळे काढता येतात, मात्र यूट्यूबवरून उतरवण्याची वरची अट त्यांनाही आहेच. त्याखेरीज एखाद्या वाहिनीच्या मालकाला पत्र लिहून मूळ फाइल मागावी. शिक्षकांसाठी काम करणारे लोक अनेकदा आनंदाने देतात.

फळा_आणि_पडदा

कलमासह नेमके सांगितल्याबद्दल आभार. मुख्याध्यापकांना दाखवायला हे हाताशी असावे.

संगणक_कक्ष

ज्या शाळांत दहा-वीस संगणकांची लॅब आहे आणि मुले स्वतः व्हिडिओ बघतात, तिथे प्रत्येक मशीनवर एकदाच सेटिंग करून ठेवावे. यूट्यूबचा प्रतिबंधित (रिस्ट्रिक्टेड) मोड चालू केला की त्याचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही: टिप्पण्या पूर्ण नाहीशा होतात. शिवाय प्रौढांसाठीचे साहित्य बरेचसे गाळले जाते.

हा मोड ब्राउझरमध्ये लावला तर मुले तो काढतात. म्हणून विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणता वेबपत्ता कुठे न्यायचा हे ठरवणारी फाइल) यूट्यूबचे पत्ते २१६.२३९.३८.११९ या आयपीकडे वळवा, हा मध्यम मोड. शेवटी ११९ ऐवजी १२० टाकले तर कडक मोड. नोटपॅड ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून मगच ती फाइल उघडा, नाहीतर बदल जतन होत नाही. मुख्य पत्ता, मोबाइलचा पत्ता आणि ‘नोकुकी’वाला पत्ता अशा प्रत्येकाची वेगळी ओळ लागते. एक सुटला तरी मुले तोच शोधून काढतात. मुलांचे खाते ‘स्टँडर्ड’ ठेवा म्हणजे फाइलला हात लागत नाही.

मध्यमच ठेवा असे माझे मत. कडक मोडमध्ये प्रजनन संस्था, पौगंडावस्था, रोगांची माहिती अशा विषयांवरचे चांगले व्हिडिओही गाळले जातात आणि दहावीच्या तासाला नेमका तोच लागतो.

शिक्षकाच्या लॅपटॉपसाठी सोपा मार्ग असा: क्रोममध्ये ‘वर्ग’ नावाचे वेगळे प्रोफाइल करा. त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब नाही, मेल नाही, बुकमार्क नाहीत. यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास बंद ठेवला आणि आधीचा पुसला तर मुख्य पान जवळजवळ कोरे राहते. त्याच प्रोफाइलमध्ये अनहुक हे एक्स्टेन्शन बसवले की बाजूच्या सूचना, टिप्पण्या, शॉर्ट्स आणि शेवटच्या चौकटी लपवता येतात. एक्स्टेन्शन पानावरचे सगळे वाचू शकते, म्हणून ते बँकेचे व्यवहार करता त्या प्रोफाइलमध्ये नको.

मधुरा_वाचते

संगणक_कक्ष, डेस्कटॉपवर स्वतःचे छोटे वेबपान करून त्यात व्हिडिओ जोडला तर हल्ली ‘एरर १५३’ येतो. पूर्वी ही पद्धत चालायची. काय बदलले?

संगणक_कक्ष

जोडलेला व्हिडिओ कोणत्या पानावरून मागितला जातो ही माहिती यूट्यूबला आता लागते. संगणकावरची फाइल दोन क्लिक करून उघडली की तिला वेबपत्ता नसतो, ती माहिती जात नाही आणि १५३ येतो. तेच पान गुगल साइट्सवर ठेवा, चालेल. १०१ किंवा १५० आला तर मात्र मालकाने परवानगी बंद केली आहे, त्याला इलाज नाही.

जुन्या लेखांत दुव्याच्या शेवटी ‘रेल’ हा शब्द आणि शून्य (rel=0) जोडायला सांगतात, म्हणजे संबंधित व्हिडिओ येत नाहीत. सप्टेंबर २०१८ पासून त्याने ते पूर्ण जात नाहीत, फक्त त्याच वाहिनीचे दाखवले जातात. म्हणून सुरू आणि बंद होण्याच्या वेळा घालणे जास्त कामाचे.

चंद्रकोर

तांत्रिक बाजू छान झाली. पण पडदा कितीही स्वच्छ केला तरी मुलांना काय शोधायचे हे ठाऊक नसेल तर लक्ष उडणारच. चंद्रकलांच्या पाठाचे उदाहरण घेते, सहावी ते आठवीला कुठेही चालेल.

इथली पक्की चुकीची समजूत म्हणजे पृथ्वीची सावली पडून चंद्राच्या कला होतात. व्हिडिओ सुरू करण्याआधी मुलांकडून वहीत एक चित्र काढून घ्या: अष्टमीचा अर्धा चंद्र, सूर्य कुठे, पृथ्वी कुठे. दोन मिनिटे पुरतात. निम्म्याहून अधिक वह्यांत सूर्य पृथ्वीच्या मागे निघेल, कारण त्यांना सावली पाडायची असते. आता त्यांना व्हिडिओत काहीतरी तपासायचे आहे.

पहिला तुकडा: नासाच्या त्याच स्टुडिओचा वर्षभराच्या चंद्रकलांचा व्हिडिओ. दरवर्षी नवा येतो, तासातासाचा चंद्र दाखवतो. साधारण तीस सेकंद, एक महिना पुरे. आवाज पूर्ण बंद, मराठीत तुम्हीच बोला. सांगायचे फक्त एवढे: उजेडाची कड कुठून सुरू झाली आणि कुठे गेली ते बोटाने हवेत काढा. डाउनलोड करताना उत्तर गोलार्धाचाच घ्या. दक्षिण गोलार्धाचाही असतो, त्यात चंद्र उलटा दिसतो आणि मुले गोंधळतात.

पडदा काळा. चर्चा.

दुसरा तुकडा: चंद्र पृथ्वीभोवती फिरताना वरून दिसणारे दृश्य, एक-दीड मिनिट. अर्ध्या चंद्राशी थांबवा. मग विचारा, पृथ्वीची सावली आत्ता कोणत्या दिशेला आहे? ती चंद्रापासून काटकोनात लांब असते, हे मुलांना स्वतः दिसते. इथे पॉज करताना कर्सर कोपऱ्यात नेऊन ठेवा, चंद्रावर नको. आणि व्हिडिओ जोडून दाखवत असाल तर थांबल्यावर ‘आणखी व्हिडिओ’ची पट्टी येऊ शकते, म्हणून हा तुकडा उतरवलेल्या फाइलवरूनच चालवावा.

मग व्हिडिओ जिथे चुकीचा समज करून देतो ते सांगायलाच हवे. जवळजवळ सगळ्या चलचित्रांत चंद्र पृथ्वीला खेटून दाखवलेला असतो. खरे अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. वर्गातला ३० सेंटिमीटरचा पृथ्वीगोल घेतला तर चंद्र म्हणजे ८ सेंटिमीटरचा चेंडू आणि तो ९ मीटरवर, बहुधा वर्गाबाहेर व्हरांड्यात. एका मुलाला चेंडू देऊन तिथे उभे करा. त्याशिवाय चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. या दोन गोष्टी कळल्या की दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही हे वेगळे शिकवावे लागत नाही.

शेवटचा प्रश्न घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून: संकष्टीचा चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास का लिहिलेला असतो? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, मग चार दिवसांनी किती? हा हिशेब मुले आनंदाने करतात.

एकूण व्हिडिओ अडीच मिनिटांहून कमी, तास ३५ मिनिटांचा.

सह्यकडा

चंद्रकोर, सुंदर. आवाज बंद करून स्वतः बोलणे हा मुद्दा अधोरेखित करतो. इंग्रजी निवेदन आणि खाली आपोआप भाषांतरित मराठी अक्षरे, असे दाखवले तर मुलांचे डोळे अक्षरांवर राहतात आणि चित्र निसटते. त्यात शास्त्रीय संज्ञांचे यांत्रिक भाषांतर बहुतेकदा चुकते. एम दाबून आवाज बंद, सी दाबून अक्षरे बंद. काही व्हिडिओंना आता आपोआप केलेला दुसऱ्या भाषेतला आवाज लागतो. सेटिंगमध्ये ‘ऑडिओ ट्रॅक’ बघून मूळ निवडा.

उंबरठा

थोडा वेगळा विचार मांडतो. प्रत्येक व्हिडिओ तोडून दाखवावा हे पटत नाही. प्रक्रिया समजावणारी फीत तोडून दाखवा, हरकत नाही. पण एखाद्या कारागिराचे काम, एखादा नृत्यप्रकार, एखादी कविता म्हणणारा आवाज, हे सलगच अनुभवायचे असते. मध्ये थांबवून प्रश्न विचारले की रस जातो.

व्हिडिओ सहा मिनिटांचाच असावा हे वाक्यही फार फिरते. त्यामागे २०१४ मधला एडएक्स या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास आहे आणि तो एकट्याने, ऑनलाइन बघणाऱ्या प्रौढांचा. तिथे कोणी शिक्षक शेजारी उभा नव्हता. चौथीच्या वर्गाला तोच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

चंद्रकोर

उंबरठा, कवितेबाबत पूर्ण सहमत. तिथे आधी सलग, प्रश्न नंतर. विज्ञान-भूगोलात मात्र पहिल्या फेरीतच तोडलेले बरे, कारण चुकीची समजूत व्हिडिओ पाहताना मोडत नाही, उलट मुले आपल्या समजुतीला साजेसे तेवढेच उचलतात.

ध्वनिलहरी

आवाज आणि चित्राच्या आकाराकडे कोणी वळले नाही. लक्ष उडण्याचे मोठे कारण ऐकू न येणे आणि न दिसणे हेच असते, मागच्या बाकावर तर नक्कीच.

चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत मजकूर आणि बारकावे नीट वाचता येतात असा ढोबळ नियम. ४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची ५३ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३.२ मीटर. ५५ इंची असेल तर ४.१ मीटर, ६५ इंची असेल तर ४.९ मीटर. म्हणजे ४३ इंची टीव्हीसमोर सहा मीटरच्या वर्गात मागच्या रांगा फक्त हालचाल बघतात. उपाय सोपा: बाकडी बाजूला सारून मुलांना अर्धवर्तुळात सतरंजीवर बसवा. टीव्हीची खालची कड बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या वर हवी.

प्रोजेक्टर घेत असाल तर एक मीटर उंचीचे चित्र धरा. दिवसा वर्गात ते दिसायला किमान ३००० ‘अँसी’ ल्युमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) लागतात. छोट्या एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे नुसते ‘ल्युमेन’ धरू नका, ‘अँसी’ लिहिलेले नसेल तर तो आकडा निरर्थक. गुळगुळीत व्हाइटबोर्डवर चित्र पाडले की मध्ये दिव्याचा चकाकता ठिपका येतो, रंगवलेली मॅट पांढरी भिंत जास्त चांगली. सगळा अंधार करू नका. पडद्याजवळच्या खिडकीला जाड काळे कापड लावा, मागचा दिवा चालू राहू द्या, म्हणजे वहीत लिहिता येते आणि वर्ग डोळ्यांसमोर राहतो.

प्रोजेक्टरमधला २ ते ५ वॉटचा स्पीकर पंखा चालू झाला की संपला. २० ते ४० वॉटचा विजेवर चालणारा स्पीकर घ्या आणि ३.५ मिलिमीटरच्या तारेने जोडा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागून येतो आणि मुले त्यावरच हसत बसतात. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो. तिथे आवाज वाढवून उपयोग नाही, बेस कमी करा आणि स्पीकर जमिनीवरून उचलून मुलांच्या कानाच्या उंचीला, पडद्याच्या शेजारीच ठेवा. मागे ठेवला तर मुले माना वळवतात.

वडाची_सावली

सतरंजी आणि अर्धवर्तुळ लगेच जमण्यासारखे आहे. मास्तर, पेनड्राइव्हवरच्या व्हिडिओत अर्ध्यातून सुरू करायचे असेल तर टीव्हीच्या रिमोटने फार वेळ जातो. आधीच तुकडे कसे करायचे?

तंत्रस्नेही_मास्तर

कोणाच्या तरी लॅपटॉपवर एकदाच बसा. लॉसलेसकट हे मोफत आहे, त्यात सुरुवात आणि शेवट खूण करून तुकडा काढला की काही सेकंदांत होतो, चित्राचा दर्जा उतरत नाही. मात्र तो ‘कीफ्रेम’वर, म्हणजे फाइलमध्ये ठरावीक अंतराने येणाऱ्या पूर्ण चित्रावरच कापतो, त्यामुळे सुरुवात एक-दोन सेकंद मागेपुढे होते. अगदी अचूक हवे असेल तर हँडब्रेकमध्ये सेकंद घालून रूपांतर करा, वेळ जास्त लागतो पण नेमके होते.

लॅपटॉपवरच दाखवणार असाल तर व्हीएलसी हा मोफत प्लेअर. त्यात दोन सेटिंग बदला: प्राधान्यांमध्ये ‘शेवटच्या फ्रेमवर थांबा’ चालू करा, म्हणजे व्हिडिओ संपल्यावर शंकूचे चित्र न येता शेवटचे दृश्य तसेच राहते. आणि सुरुवातीला फाइलचे नाव दाखवणे बंद करा. ई दाबत गेले की एकेक फ्रेम पुढे जाते. बी अंकुरणे, फुलपाखरू कोशातून बाहेर येणे, गोटीची टक्कर, अशा ठिकाणी फार कामाला येते.

मधुरा_वाचते

लॅपटॉप टेबलावर आणि प्रोजेक्टर छताला असेल तर एचडीएमआय केबल किती लांब चालते? पंधरा मीटरच्या साध्या केबलवर चित्र मधूनमधून जाते.

संगणक_कक्ष

साधी केबल १०८०पीला दहा मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे चित्र लुकलुकते किंवा ठिपके येतात. पंधरा मीटरला ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते. उलटी ओढली तर चित्र येतच नाही, म्हणून पाइपमध्ये टाकण्याआधी जमिनीवर पसरून तपासा. नवी केबल येईपर्यंत लॅपटॉपचे रिझोल्यूशन ७२०पी करून पाहा, बऱ्याचदा तीच केबल स्थिर चालते.